गोल चेहऱ्यांचा दरबार

"चढलं! आईचं रूप चढलं!"

शेषेराव महाराजांनी समोरच्या बाईची हनुवटी धरून तिचा चेहरा गर्दीकडे वळवला आणि पत्र्याच्या मंडपातल्या चार गावच्या बायकांनी हात जोडले. ही बाई दोन महिन्यांमागं खाटेवरून उठत नव्हती म्हणे. आज चालत आली होती. आणि चेहरा? महाराजांच्या पाठीमागं मांडलेल्या चांदणीआई देवीच्या चांदीच्या मुखवट्यासारखा गोल, भरलेला, गालांवर लाली.

"डाक्टर काय करतो? रक्त काढतो!" महाराज सुरात आले. "मी रक्तातलं भांडण काढतो. डाक्टरच्या गोळीनं तोंड उतरतं, आईच्या अंगाऱ्यानं तोंड भरतं. सांगा, खोटं हाय का?"

"न्हाई!" मंडप गरजला.

खांबाला टेकून बसलेल्या उज्वलानं हात जोडले नव्हते. नांदेडला एका कॉलेजच्या ग्रंथालयात ती नोकरी करायची. चाकूरजवळच्या या गावात ती आली होती ती फक्त पुनमसाठी. पुनम तिची मावसबहीण. पुढच्याच रांगेत बसली होती. नाकावर आणि दोन्ही गालांवर पंख पसरल्यासारखा लाल चट्टा, मांडीवर गोळ्यांची पिशवी. आजार ल्युपस. इथली रीत अशी, की अंगारा हवा असेल तर आधी डॉक्टरच्या गोळ्या देवीपुढच्या घंगाळात वाहायच्या. पाण्यात त्या विरघळल्या की मगच पुडी हातात पडायची.

मागच्या वर्षी याच घंगाळात तारामतीनं, उज्वलाच्या आईनं, गोळ्या वाहिल्या होत्या. आजार हाच. अंगाऱ्यानं आखडलेले सांधे मोकळे झाले, चट्टा फिका पडला, चेहरा गोल झाला. गावानं तिची ओटी भरली. "तब्येत सुधारली गं तुझ्या आईची," जो तो फोनवर सांगायचा. भरलेलं तोंड म्हणजे सुखाचं तोंड. त्याला भ्यायचं असतं हे कुणाच्या गावीही नव्हतं. मूत्रपिंडं आत गुपचूप सडत होती. ती ओरडत नाहीत. पाय सुजले तेव्हा उशीर झाला होता. श्रावणात तारामती गेली. तिरडीवरही चेहरा गोलच होता, आणि बायका म्हणाल्या, "बघा, आईनं आपलं रूप देऊन नेली."



उरलेला अंगारा तिनं लातूरच्या डॉक्टरांकडून तपासून घेतला होता. त्यात काय आहे, ते तिला ठाऊक होतं. महाराज आधी काय करायचे, तेही तिनं शोधून काढलं होतं. पण इथं कोण ऐकणार? ती समोरच्या बायकांकडे बघत राहिली, आणि बघता बघता पुढं सरकली. कुणी काळी, कुणी गोरी, कुणी म्हातारी, कुणी तरणी. हातपाय काटकुळे, दंडांवर निळे डाग, आणि चेहरे मात्र एकाच साच्यातून काढलेले.

ती उठली. "महाराज, अंगारा एखाद्या वेळी चुकला तर?"

महाराज खुलले. "चुकवायचाच न्हाई! आई कोपते. उलट्या, चक्कर, माणूस आडवा! इचार तुझ्या मावशीला."

"हाव गं," पुनमची आई साखराबाई म्हणाली. "लग्नाला गेले, पुड्या घरीच राहिल्या. दोन दिसांनी भर मांडवात पडले."

"मावशी, तुला आजार कशाचा?"

"गुडघ्याचा."

"आणि शेजारच्या काकूंना?"

"दम्याचा."

"आजार वेगळे, अंगारा एकच. तोंड एकच, कोपही एकच. देवी लेकीबाळींना वेगवेगळं ओळखत नाही का गं? औषध मात्र असंच असतं. खाणारी कोण, ते बघत नाही." उज्वलाचा आवाज चढला नाही. "यात स्टिरॉइडच्या गोळ्या कुटल्यात. तोंड सुजून गोल होतं ते त्यानंच. हे महाराज आधी उदगीरला औषधाच्या दुकानात काउंटरवर उभे असायचे. डॉक्टरही हेच औषध देतात, पण मोजून, तपासून. हे पुडीनं वाटून राहिलेत."

"नास्तिक कुठली! तुझी आई तुझ्याच पापानं गेली!" महाराज ओरडले.

मागून गावातल्या धोंडाबाईचा म्हातारा आवाज आला, "आवं महाराज, सगळ्यास्नी आईचं रूप आलं, मग तुमचंच तोंड वाळल्या वांग्यावानी कसं? तुमी खात न्हाई व्हय अंगारा?"

मंडपात खसखस पिकली. महाराज माईक चाचपू लागले.

उज्वला पुनमशेजारी बसली. "ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर राखणदार असतो ना? गोफणीनं पाखरं हाकतो. आपल्या रक्तातही तसे राखणदार असतात, बी-पेशी म्हणतात त्यांना. जंतू दिसला की त्याच्यावर मारायचे दगड त्या घडवतात. ल्युपसमध्ये त्यांची ओळख चुकते. गोफण फिरते ती आपल्याच कणसांवर. कातडीवर, सांध्यांवर, मूत्रपिंडावर. तुझ्या गोळ्या त्यांचा हात आवरतात. ही पुडी सगळ्याच राखणदारांना गुंगी देते. शेत शांत दिसतं. पण मार पुरता थांबत नाही, आणि खरी पाखरं आली तर हाकायला कुणी जागं नसतं."

"पण अक्का, मधी नुसतं आईचं दर्शन घेतलं तर माझा चट्टा गेला हुता."

"हा आजार चढतो, उतरतो. उतरला की समोर जो उभा असेल तो म्हणतो, मी उतरवला."

साखराबाई जवळ सरकली. "मंग तारामतीला... म्याच आणलं हुतं गं इथं."

साखराबाईनं कनवटीची पुडी ओढली आणि घंगाळाकडे भिरकावायला हात उचलला. मागोमाग दहा-वीस हात उठले.

"टाकू नका!" उज्वला पहिल्यांदाच किंचाळली. "एकदम सोडलात तर खरंच पडाल. या माणसाचं तेवढं एकच बोलणं खरं आहे. शरीराला त्याची सवय लागलीय. पुड्या घेऊन उद्या माझ्याबरोबर लातूरला चला. डॉक्टर हळूहळू कमी करतील. आणि ज्या दिवशी अंगारा सुटेल आणि चक्कर येणार नाही, त्या दिवशी स्वतःलाच विचारा, तो कोप कुणाचा होता."

हात खाली आले. पुनमनं पिशवी उघडली, सकाळी न घेतलेली गोळी काढली आणि धोंडाबाईनं पुढं केलेल्या तांब्यातल्या पाण्याबरोबर तिथंच, मुखवट्यासमोर, गिळली.

तुमच्या गावात एखाद्या आजारी बाईचा चेहरा एकाएकी भरला, तर हात जोडू नका. तिच्याजवळ बसा आणि एवढंच विचारा, "बाई, काय खातेस?" तारामतीला हे कुणी विचारलं नव्हतं.