गादीसारखं पेडल

मुलांनो, जरा डोळे मिटा. तुम्ही ट्रकच्या उंच सीटवर बसला आहात. मागे गॅसच्या साठ भरलेल्या टाक्या, समोर उतार आणि उताराच्या तळाशी शाळा. तुम्ही ब्रेक दाबलात, आणि गादीत पाय रुतावा तसं पेडल आत गेलं!

त्या सकाळी ड्रायव्हरबाईंना पेडल दाबताना नेमकं हेच जाणवलं. ट्रक नुकताच दुरुस्त होऊन गॅरेजच्या आवारात उभा होता. त्यांनी इंजिन बंद केलं आणि किल्ली घेऊन त्या खाली उतरल्या.

"अहो ताई, दोनदा दाबा, तिसऱ्यांदा घट्ट लागतो," मेस्त्री हात पुसत म्हणाले. "सगळे असंच चालवतात."

"आडवं आलेलं पोर मला दोनदा दाबायला वेळ देईल का, मेस्त्री?"

ट्रकचे मालक फोन कानाला लावूनच ओरडले, "नखरे पुरे, बाई! माल खोळंबलाय. जमत नसेल तर किल्ली द्या. ड्रायव्हर पन्नास मिळतील."

घर बाईंच्या एकटीच्या पगारावर चालायचं. तरी त्यांनी मूठ आवळली. "मिळतील की! पण ब्रेक नीट होईपर्यंत ही किल्ली कुणालाच मिळणार नाही!"

मेस्त्री उखडले. "चाकांना आवळून धरणारे कॅलिपर नवे बसवलेत, ब्रेकच्या तेलात अडकलेली हवा तीनदा काढलीय. मला शिकवता?"

शाळेला सुट्टी म्हणून बाईंची लेक सोबत आली होती. ती चाकामागे डोकावत म्हणाली, "आई, हवा कुठून काढतात गं?"

"तिथे कॅलिपरवर हवा सोडायचं छोटं तोंड, निपल असतो बघ."

"हा, तळाशी आहे तो?"

"तळाशी?" आई वाकली. मग तिने लेकीची अर्धी भरलेली पाण्याची बाटली मेस्त्रींसमोर उलटी धरली. "हवा कुठे गेली, मेस्त्री?"

"वर..." म्हणता म्हणता मेस्त्री चाकाकडे बघतच राहिले. डावा कॅलिपर उजवीकडे, उजवा डावीकडे! निपल तळाला, हवा माथ्यावर. तीनशेदा काढली असती तरी ती निघाली नसती.

"चुकलो, ताई," त्यांनी पाना उचलला. "आणि वर तुम्हालाच बोललो."

दोन तासांनी पेडल पहिल्याच दाबाला घट्ट लागलं. मालकांनी स्वतः पाय ठेवून पाहिला आणि ओशाळून म्हणाले, "बाई, यापुढे तुम्ही हो म्हणाल तेव्हाच गाडी निघेल."

मुलांनो, "सगळे असंच करतात" हे शब्द कानावर आले की तिथेच पाय रोवा. जिवाशी खेळ होत असेल, तर समोर कितीही मोठा माणूस असो, ठणकावून नाही म्हणा!

तेवढ्यात आवारातल्या दुसऱ्या ट्रकचं इंजिन घरघरलं.

"काका, याचेही ब्रेक तुम्हीच केलेत?" लेकीने विचारलं. मेस्त्रींनी कशीबशी होकाराची मान हलवली.

ती धावत गेली, तिने आवाराचं लोखंडी फाटक ओढून लावलं आणि कडी घातली.