बाळंतिणीच्या खोलीत वरात

‘देवमासे वाचवायचे तर लोकांना सोबत घ्या,’ असा वरून आदेश आला आणि साहेबांनी लोकांना अक्षरशः सोबत घेतलं.

मूळ योजना सरळ होती. देवमासा दिसला की लोकांनी फोन करायचा, फोनवरच्या बाईंनी ठिकाण विचारून जहाजांना कळवायचं, जहाजांनी वेग कमी करायचा. साहेबांनी त्यात स्वतःची अक्कल मिसळली. कळवलेलं ठिकाण बाईंनी त्याच क्षणी मोबाइलवरच्या नकाशातही टाकायचं, म्हणजे ते सगळ्या जगाला दिसेल. वर, सर्वांत जास्त देवमासे कळवणाऱ्याला टोपी. फुकटच्या टोपीसाठी माणूस काय करत नाही?

उथळ पाण्यात एक मादी पिल्लाला घेऊन आली. चहा निवायच्या आत पर्यटकांच्या बोटींनी तिला घेरलं. बाळंतिणीच्या खोलीत वरात शिरावी, तसं. सगळ्यांत पुढे बाईंच्या सख्ख्या दिराची बोट.

“साहेब, नकाशावरचं ठिकाण काढू द्या,” बाई म्हणाल्या. “ जहाजांना कळलं की पुरे.”

“लोकांना सहभागी करायचं आणि लोकांपासूनच लपवायचं? अहो, लोक प्रेमानं जातात.”

“पिल्लू श्वासाला वर येतं, तर डोक्यावर हे प्रेम.”

साहेबांनी ‘बघू’ म्हटलं. सरकारी भाषेत ‘बघू’ म्हणजे डोळे मिटणं.

घरी जेवताना दीर खुशीत होता. “वहिनी, तुमची पाहुणी भारी आहे हं. लोकांनी पिल्लाला हात लावला आज.”

“भावजी, लांब राहा तिच्यापासून.”

“लांबून काय दिसणार, पाणी? मी नाही गेलो तर दुसरा जाईल.”

“दोघांनी जरा समजून घ्या,” नवरा म्हणाला आणि त्यानं वरण वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी फोन आला. दिराचा आवाज खाली गेलेला.

“वहिनी, मीच. पिल्लू बोटीच्या पंख्यात आलं. पाणी लाल झालंय. ती त्याला खालून ढकलून वर आणतेय.”

“इंजिन बंद करा. फोन ठेवू नका.”

बाईंनी बचावपथकाला कळवलं, जहाजांना कळवलं. नकाशाला हात लावला नाही. साहेब केबिनमधून डोकावले. “बाई, आज नकाशा कोरा कसा?”

“कोराच राहील. तुम्हाला टाकायचं असेल तर तुमच्या सहीनं टाका.”

सही म्हटल्यावर साहेब आत गेले.

बाईंनी पुन्हा फोन कानाला लावला. दिरानं सुस्कारा टाकला. “नकाशावर टाकलं नाहीत ना? बरं केलंत. घरातली गोष्ट घरात.”

“तिच्यासाठी नाही टाकलं. तिला आता आणखी वऱ्हाडी नकोत. बोटीचा नंबर सांगा.”

“तुम्हाला ठाऊक आहे की.”

“मला आहे. पण हा फोन रेकॉर्ड होतो, भावजी. तुमच्या तोंडून येऊ दे. आणि बोट कोण चालवत होतं, तेही.”