रथाच्या पोटातली पिंपं

गेन्सुकेंचा हात चुकत नाही, हे ओसाकाच्या दक्षिणेकडच्या त्या बंदरगावात शेंबडं पोरही सांगेल. सणाला लाकडी रथ दोराने ओढत पळवायचा आणि कोपऱ्यावर न थांबता वळवायचा, ही तिथली रीत. वळताना आतल्या चाकाखाली लाकडी दांडा दाबायचा, तो गेन्सुकेंनीच. तीस वर्षं तोच दांडा आणि तोच कोपरा.

यंदा छप्पर नि चाकं नवी घातली आणि चार टनांचा रथ अर्ध्या टनाने हलका झाला. त्यांची लेक मिझुहो शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची. परवा जेवताना ती बोलून गेली, "बाबा, जोर तोच आणि रथ हलका, म्हणजे तो झटक्यात वळेल. दांडा यंदा बेताने दाबा." म्हाताऱ्याने मुळ्याचं लोणचं तेवढं कडाकडा चावलं.

सणाच्या सकाळी ती कोपऱ्याजवळ, शिगेनो मावशींच्या साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, दुकानासमोर उभी होती. धाकटा भाऊ तात्सुकी आज रथाच्या छपरावर उभा राहून पंखे नाचवणार, म्हणून ती सारखी रथ येणार त्या चढाकडे बघत होती.

"तुझे बाबा पहाटे सहा पिंपं घेऊन गेले की! भरलेली!" मावशी हसत म्हणाल्या. "म्हणाले, पोरीला रथ हलका वाटतोय, तर घे, केला जड. रथाच्या पोटात ठेवलीत."

"बांधली ना?"

"बांधायची कशाला? नव्वद किलोचं एकेक. दोघांना हलवत नाही, ते आपणहून काय हलणार?"

जड आहे म्हणून हलणार नाही! अगं बाई, जड आहे म्हणूनच थांबणार नाही. रथाला दोर वळवेल, पिंपांना कोण वळवणार? ती आपली सरळ जातील, रथाच्या कुशीवर आदळतील आणि रथ कलंडेल. वर तात्सुकी. आणि हे सगळं आपल्याच जिभेने घडवलं होतं.

ढोल ऐकू आले. कोपऱ्यावर उभं राहून उपयोग नव्हता, तोवर वळण सुरू झालं असतं. एवढं धूड थांबायला निदान तीस पावलं हवीत. ती उलट चढावर पावलं मोजत धावली आणि पोस्टाच्या लाल पेटीपाशी रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभी राहिली. सणात बाईने रथाला आडवं जायचं नसतं, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

"ए, वेड लागलंय का? हट!"

"मास्तरीणबाई, शाळा तिकडे!"

दोरावरची माणसं शिव्या देत दोर टाकून दोन्हीकडे पांगली. मागून रथ येतच होता.

"बाबा, वळवू नका! सरळ थांबवा!"

गेन्सुकेंचा चेहरा आधी संतापाने लाल झाला. मग लेकीचे डोळे दिसले. त्यांनी पलीकडच्या गड्याला हाक मारली आणि दोन्ही चाकांखाली दांडे गेले. लाकूड किंचाळलं, धूर निघाला. वीस पावलं उरली, मग दहा. तिने डोळे मिटले.

रथ तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला. पिंपं मात्र थांबली नाहीत. आत धडधड झाली, पुढची फळी फुटली आणि एक पिंप तिच्या शेजारून रस्त्यावर आपटून फुटलं. तिच्या चपला साकेत भिजल्या. वर तुळईला मिठी मारून तात्सुकी ओरडला, "ताई!"

गेन्सुकेंनी फुटक्या फळीकडे पाहिलं, मग छपरावरच्या लेकाकडे, मग खालच्या कोपऱ्याकडे.

"हे तू शाळेत शिकवतेस?"

"पहिल्याच दिवशी, बाबा."

"पोरं मानतात?"

"लगेच नाही मानत."

म्हातारा तिथेच ओल्या रस्त्यावर बसला. कधी न चुकलेला तो हात त्याने लेकीपुढे केला.

"धर गं जरा," तो म्हणाला. "हा थांबतच नाहीये."