मास्तरांचा उजवा पाय

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांना फसवणं सोपं नव्हतं, कारण फसवण्याचा तो प्रकार त्यांनी स्वतःच जन्मभर केला होता. शिकाऊ माणूस स्टिअरिंग धरून ऐटीत बसायचा आणि शेजारच्या सीटवर मास्तर आपल्या पायाखालचा जादा ब्रेक हळूच दाबून वर म्हणायचे, "वा! काय झकास थांबवलीत!"

त्यामुळे अर्धांगवायूच्या झटक्यात उजवा पाय लुळा पडला आणि उपचार केंद्रात त्या पायाला तो हलवायला मदत करणारा रोबोट बांधला गेला, तेव्हा पाय स्वतः किती जोर लावतोय ते दाखवणाऱ्या पडद्यावरच्या हिरव्या रेघांवर त्यांचा काडीचाही विश्वास बसेना. पाऊल खाली जायचं, वर यायचं. फिजिओथेरपिस्ट मुलगी खूश व्हायची.

"काका, आज निम्मं काम तुमच्या पायाने केलं!"

"थापा नको मारूस, पोरी. असंच सांगून मी भल्याभल्यांना गाडी शिकवलीय."

तिने यंत्राची मदत कमी करून दाखवली. पाऊल तरीही हललं, पण मास्तरांना काही पटेना. वरवर ते सगळं हसण्यावारी न्यायचे, पण आतून पार घाबरले होते. पाय आपला उरलाय की यंत्राचा झालाय, एवढंच त्यांना कळायला हवं होतं. पाय नाही तर शिकवणं नाही, आणि शिकवणं नाही तर दिवसभर करायचं काय?

घरी न्यायला बायको गाडी घेऊन यायची. ती हट्टाने दुसऱ्याच क्लासात शिकलेली. नवऱ्याकडून शिकले तर गाडी येईल पण संसार मोडेल, असं तिचं म्हणणं. मास्तर शेजारी बसून तोंडाचा पट्टा सोडायचे. "अगं, आरसा बघ! अगं, गिअर!"

"अहो, गप्प बसा, नाहीतर उतरा."

त्या दिवशी वळणावर अचानक समोर ट्रक आला. बायकोने ब्रेक मारला, पण जरा उशिराच. गाडी कशीबशी थांबली, ट्रक निघून गेला. मास्तर ओरडलेच नाहीत. ते खाली बघत होते. या गाडीत त्यांच्या बाजूला ब्रेक नव्हता, नुसती रबरी चटई होती. एरवी सीटपाशी पडून राहणारं उजवं पाऊल पुढे जाऊन ती चटई दाबत होतं.

"लागलं का कुठे?" बायकोने विचारलं.

"पाय बघ. मी दाबला. मीच दाबला गं!" मास्तरांच्या डोळ्यांना धार लागली.

तिने गाडी कडेला घेतली. "परत दाबा बघू."

मास्तरांनी दातओठ खाल्ले. अंगठा जेमतेम हलला.

"असं बसल्या बसल्या नाही जमायचं," ते नाक पुसत म्हणाले. "तू चालव. आणि जरा वाईटच चालव."