एफ्राइम बार्टलीच्या खुणा

पोर्ट रॉयलला येणारा पाहुणा आधी चाच्यांची चौकशी करतो, मग मासळीची. डेलरोज बार्टलीच्या खानावळीत मात्र हा क्रम उलटा होता.

"चाचे काय, तीसेक वर्षं नाचले आणि गेले," कढईत लाल मासा सोडता सोडता ती म्हणायची. "भूकंपानं अर्धंअधिक गाव गिळलं, तरी आम्ही इथंच आहोत. सव्वातीनशे वर्षं झाली. बसा, आधी खाऊन घ्या."

डॉक्टर हॅलकॉट यांनाही तिनं हेच ऐकवलं होतं. हा उंच, उन्हानं लालबुंद झालेला इंग्रज गृहस्थ समुद्रात बुडालेल्या त्या अर्ध्या गावाचा नकाशा करायला आला होता. सोबत दोन पाणबुडे आणि कॅमिल नावाची किंग्स्टनची एक हुशार मुलगी. बंदराच्या गढूळ पाण्यात हातभर पुढचं दिसत नाही. त्यांची यंत्रं तळाशी काही सापडलं की कुईकुई करत, पण वर यायचं ते गंजलेलं पिंप नाहीतर नांगराचा तुकडा. परवान्याचे तीनच दिवस उरले होते.

"एक रस्ता सापडत नाहीये," हॅलकॉट ताटावर वाकून कॅमिलला सांगत होते. "जुन्या कागदांत त्याच्या टोकाला पावभट्टी आहे. ती मिळाली की सगळा रस्ता जागेवर बसतो."

डेलरोजनं बॅमीची, म्हणजे कसाव्याची जाडजूड भाकरी उलटली. "भट्टी होय? ती आहे की. तिच्यावर जाळं टाकलं की फाटलंच म्हणून समजा. माझ्या आजोबांच्या जाळ्यात काजळी धरलेल्या विटा यायच्या तिथल्या."

हॅलकॉट यांचा काटा हवेतच राहिला.

दाराबाहेर बदामाच्या खुंटाजवळ डॉमिनोचा डाव रंगला होता. तिथून तिच्या धाकट्या भावाचा, यूरायाचा आवाज आला. "ऐकू नका हो तिचं, डॉक्टर! पाण्यातल्या जागांच्या सगळ्या खुणा पपांबरोबर गेल्या. ही होडीत बसायची ती पाणी उपसायला."

बाकीचे हसले. म्हातारा झेफनाया तर सोंगटी आपटून म्हणाला, "एफ्राइम बार्टली! डोळे मिटून मासळीचा सापळा टाकायचा तो. तसा माणूस पुन्हा झाला नाही."

डेलरोजनं भाकरी उतरवली, हात पुसले. अडुसष्ट वर्षांची बाई. गुडघे कुरकुरत, पण पाठ ताठ. ती दारात जाऊन उभी राहिली.

"यूराया, उद्या सकाळी तुझी होडी लागेल मला."

"कशाला?"

"पाणी उपसायला," ती म्हणाली. यावेळी झेफनाया यूरायाकडे बघून हसला.

सकाळी सहा वाजता होडी निघाली. यूराया इंजिनाजवळ तोंड पाडून बसला होता, हॅलकॉट आणि कॅमिल मध्ये, पाणबुडे मागच्या बोटीत. डेलरोज होडीच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला बसली. बावन्न वर्षांनी ती त्या जागी बसत होती. लाकूड बदललं होतं, पण बूड टेकताच दोन्ही हातांनी आपोआप काठ धरला.

खुणा दोन लागतात. पूर्वेला डोंगरातली खाच सिमेंट कारखान्याच्या चिमणीवर नेमकी यायला हवी. आणि मागे, गावाकडे बघितलं की चर्चचा मनोरा बदामाच्या झाडाच्या डाव्या खांद्याला टेकायला हवा. दोन्ही रेषा जुळल्या की खाली भट्टी.

खाच चिमणीवर आली. डेलरोजनं हात वर केला, यूरायानं इंजिन मंद केलं. तिनं मान वळवून गावाकडे पाहिलं. बदाम कुठं होता? झाड वादळात पडून आठ वर्षं झाली होती. त्याच्या खुंटावर रोज माणसं बसत होती आणि हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"काय झालं?" यूरायानं विचारलं. आवाजात थोडं समाधान होतंच. "सापडत नाही ना? सांगितलं होतं मी."

"गप्प बस. कॅमिल, फोन दे तुझा."

तिनं शेजारच्या पॅन्सीला उठवलं. "पॅन्सी, माझ्या खानावळीतलं लाल टेबलाचं कापड घे. लांब बांबूला बांध आणि बदामाच्या खुंटावर चढून उभी राहा."

"मिस डेल, झोपेत आहेस का तू? अंगावर रात्रीचा झगा आहे माझ्या!"

"झगा कोण बघतंय एवढ्या लांबून? चढ लवकर!"

दहा मिनिटांनी गावाच्या छपरांवर एक लाल ठिपका हलायला लागला. डेलरोजनं डोळे बारीक केले. झाड केवढं होतं, डावा खांदा कुठवर यायचा, हे तिला आठवावं लागलं नाही. ते तिला दिसलंच. "अजून थोडं पुढं. डावीकडे. डावीकडे म्हटलं, यूराया! आता थांब. टाक नांगर."

पाणबुडा खाली गेला. बराच वेळ नुसते बुडबुडे. मग त्याचं डोकं वर आलं, हातात सायकलचं चाक होतं.

यूराया इतका हसला की होडी हलली. "चाच्यांची सायकल! लिहून घ्या, डॉक्टर!"

डेलरोजचे कान तापले. तिनं पुन्हा लाल ठिपक्याकडे पाहिलं. काठी तिरकी झाली होती. पॅन्सीचे हात भरून आले असणार. तिनं फोनवर ओरडून काठी सरळ करवली आणि होडी चार हात मागे घ्यायला लावली. पाणबुडा परत गेला. या खेपेला तो वर आला तेव्हा तोंडातली नळी काढण्याआधीच त्यानं मूठ उंचावली. मुठीत विटेचा तुकडा होता, एका बाजूनं काळाकुट्ट.

"कमान आहे खाली," तो धापा टाकत म्हणाला. "आख्खी. आत हात जातो."

कॅमिलनं किंकाळी फोडली. हॅलकॉट यांनी टोपी काढली आणि छातीशी धरली. मग दोघं घाईघाईनं मागच्या बोटीत उतरले, यंत्रं, दोऱ्या, मोजमाप सुरू झालं. होडीत भाऊ-बहीण दोघंच राहिले.

यूराया आता हसत नव्हता. "पपांनी तुला सांगितल्या खुणा? मला एकही नाही. मी मुलगा होतो, होडी मला मिळणार होती. तुला का?"

 हे डेलरोज कुणालाच बोलली नव्हती. तसा शब्द पपांना दिला होता तिनं.

"पपांना दिसत नव्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी दहा वर्षांची होते तेव्हापासून. आधी धूसर, मग फक्त उजेड-अंधार. लोकांना कळलं असतं तर त्यांना दर्यावरून उठवलं असतं. म्हणून मी नाळेवर बसायची. कुठला मनोरा कशावर आला ते हळूच सांगायची आणि ते सुकाणू धरायचे. सहा वर्षं, यूराया. तू तेव्हा एवढासा होतास. दिसतच नव्हतं, तर तुला बोटानं काय दाखवणार होते ते?"

यूराया हातातली दोरी नुसतीच वळत राहिला. "आणि तू? तू का नाही शिकवलंस?"

"आले होते शिकवायला. सतरा वर्षांचा होतास. 'बाईच्या खुणांवर मी सापळे टाकू का?' असं म्हणालास."

 त्यानं उगाचच इंजिनाचं झाकण उघडलं, आत पाहिलं, मिटलं.

उरलेल्या दोन दिवसांत डेलरोजनं आणखी सहा जागा दाखवल्या. पाच बरोबर निघाल्या: एक पायरी, दोन भिंती, एक विहिरीचा काठ, एक फरसबंदी अंगण. सहावीच्या जागी नुसता चिखल होता. "ही आठवण कच्ची निघाली," ती सरळ म्हणाली, "खोडून टाका." हॅलकॉट यांचा तिच्यावर खरा विश्वास बसला तो त्या वाक्यानं.

निघण्याच्या आदल्या दुपारी गावच्या सभागृहात नकाशा भिंतीवर लावला. सगळं गाव जमलं. बुडालेला रस्ता पहिल्यांदाच एका सलग रेषेत दिसत होता. हॅलकॉट यांनी आभार मानले. "आणि विशेष आभार," ते म्हणाले, "दिवंगत एफ्राइम बार्टली यांचे. त्यांचं हे ज्ञान त्यांच्या मुलीनं जपलं."

टाळ्या पडल्या. डेलरोजनं मान हलवली. तिला तेवढं पुरे होतं. पपांचं नाव भिंतीवर लागलं, आणखी काय हवं?

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. यूराया उभा होता. नाताळातही कधी न घातलेला पांढरा सदरा त्यानं घातला होता.

"चूक आहे ते," तो म्हणाला.

"यूराया, बस खाली," डेलरोज दात आवळून पुटपुटली.

"नाही बसणार. माझे पपा शेवटची सहा वर्षं आंधळे होते. तुम्ही सगळे म्हणता ना, डोळे मिटून सापळा टाकायचे? खरंच आहे ते. डोळे हिचे होते. हिनं पपांना शब्द दिला होता म्हणून ती आयुष्यभर गप्प राहिली, आणि मी तिला पाणी उपसणारी म्हणत राहिलो. मी काही शब्द दिला नव्हता. म्हणून मी सांगतोय."

 डेलरोजला भावाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पपांची एवढी जपलेली अब्रू यानं चारचौघांत उघडी टाकली! तिनं डोळे वर करायची हिंमत केली नाही.

मग झेफनाया काठीवर जोर देत उठला. "थांबा. म्हणजे एकदा मी त्याच्या सापळ्यांच्या आड होडी घातली, तेव्हा तो मला नाव घेऊन शिव्या घालत होता, भर समुद्रात... तेव्हा त्याला मी दिसतच नव्हतो?"

डेलरोजनं मान वर केली. "नाही दिसत, झेफनाया काका. मी कानात सांगितलं होतं, तुम्ही आहात म्हणून."

"आणि त्या शिव्या?"

"त्या पपांच्याच."

आधी झेफनाया हसला, मग सगळं सभागृह. पण ते हसणं टिंगलीचं नव्हतं. "आंधळा होता आणि आम्हा डोळसांपेक्षा जास्त मासळी आणायचा!" कुणीतरी ओरडलं. "पोरगी दहा वर्षांची!" पॅन्सी उभं राहून टाळ्या वाजवायला लागली, तिच्या मागे ओळीच्या ओळी उठल्या. पपा लहान झाले नव्हते. उलट गाव त्यांच्याविषयी असं बोलत होतं, जसं ते पन्नास वर्षांत कधी बोललं नव्हतं. आणि त्या बोलण्यात आता तीही होती.

हॅलकॉट नकाशाजवळ पेन घेऊन थांबले होते. "मिस बार्टली, इथं नाव कसं लिहू? तुम्ही सांगाल तसं."

डेलरोज उठली. गुडघे कुरकुरले, तिनं लक्ष दिलं नाही. गर्दीनं तिला वाट करून दिली. नकाशापाशी जाऊन तिनं ती सलग रेषा बोटानं टोकापासून टोकापर्यंत नेली.

"एफ्राइम आणि डेलरोज बार्टली, पोर्ट रॉयलचे मच्छीमार," ती म्हणाली. "मच्छीमार हा शब्द मोठा लिहा. मागच्या ओळीला दिसला पाहिजे."