आत्याची कुंची

जळगावच्या लोकरीच्या दुकानात मोहिनीने चौदा नंबरची सुई गालावरून फिरवून पाहिली. बांबूची, काडीसारखी बारीक. कुठेच खरखर नव्हती. धुळ्याहून आलेल्या तिच्या आईने, धुरपदाबाईने, ती हातातून काढून घेतली आणि जाड, दहा नंबरची दिली.

"लोकर बारीक शे ते सुई जाड ले. तुना हात घट्ट शे. नही ते कुंची पत्र्यानी व्हई."

"आई, व्हिडिओत चौदाच सांगितलीय."

"मंग व्हिडिओलेच आत्या कर."

मोहिनी हसली आणि चौदाचीच घेतली. भावाला, नवलला, बाळ व्हायचं होतं. बारशाला आत्याच्या हातची कुंची घालायची आणि मगच नाव ठेवायचं, ही घरची रीत.

हात घट्ट होता हे खरंच. तिची लहानगी लेक भूमिका खुर्चीवर चढली की टाका आवळायचा, शिंकली की आवळायचा. कुंची झाली ती मुठीएवढी. धुतल्यावर मऊ पडली, पण वाढली नाही. भूमिकाने ती बाहुलीला घातली. मोहिनीने मुकाट्याने दहा नंबरच्या सुया आणून दुसरी विणायला घेतली.

ती अर्धी असतानाच नवलचा फोन आला. बाळ दीड महिना आधीच आलं होतं, काचेच्या पेटीत होतं. पुढे मोहिनी फोन उशाशी घेऊन झोपायची आणि उठली की विणायची.

बाळ घरी आलं, बारसं ठरलं. नवी कुंची घातली तर ती थेट हनुवटीपर्यंत उतरली. जमलेल्या बायका वाकून बघू लागल्या.

"ताई, किती लहान आहे हो हा," वहिनी सुनिता कुंची वर सरकवत म्हणाली.

धुरपदाबाईने भूमिकाच्या काखेतली बाहुली ओढली आणि तिची कुंची उतरवली.

"आई, धुतलेली आहे हं! कालच, गरम पाण्यात," मोहिनी घाईघाईने म्हणाली.

कुंची बाळाच्या डोक्यावर मापात बसली. बाळाने मोठी जांभई दिली. सुनिता हसली, मग सगळ्याच हसल्या.

"घट्ट हात कामले उना तुना," धुरपदाबाई म्हणाली. मोहिनीने वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं.

तुम्ही धुळ्याकडे जाणार असाल, तर नवलच्या घरी जरा डोकावाल का? मोहिनी रोज फोन करते, पण सुनिता नुसतं "छान आहे" म्हणते. तेवढी ती छोटी कुंची बाळाला घालून बघा. बसली नाही, तर बाळ वाढलं; लगेच कळवा.