नाव रिकामं ठेवता येणार नाही

त्र्यंबकच्या गुरुजींच्या वेबसाइटवरचा फॉर्म नीट करायचा, एवढंच काम होतं. दोन हजार पाच साल. नाशकात वेबसाइट करून देणारे तेव्हा बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातलं किशोरचं ऑफिस म्हणजे शरणपूर रोडला चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. तिथे ज्योत्स्ना प्रोग्रामिंग करायची. गुरुजींची गिऱ्हाइकं सगळी परदेशातली. त्यांनी पडद्यावर विधी निवडायचा, टोपलीत टाकायचा, फॉर्म भरायचा, आणि इकडे गुरुजींनी त्यांच्या माणसाचे पिंड घालायचे. बसल्या जागी पितर खूश! ज्योत्स्नाला याचं हसू यायचं, पण किशोरसमोर ती हसत नसे.

गिऱ्हाइकांनी मात्र गुरुजींचं डोकं पिकवलं होतं. मृताच्या नावापुढे कोणी नुसतं ‘आजोबा’ लिही, कोणी एक टिंब देऊन मोकळा होई. एका महाभागाने तर मृत्यूची तारीख पुढच्या वर्षाची टाकली होती. गुरुजी स्वतः ऑफिसात आले, ताठ बसले आणि म्हणाले, “नाव, गोत्र आणि तिथी. या तिन्हींशिवाय मी हाक कोणाला मारू? रिकामं नाव घेऊन बसलं ना बाई, की येऊ नये ते येतं.” ते इतक्या साध्या सुरात बोलले की ज्योत्स्नाच्या हातावर काटा आला.

फॉर्मची तयार तपासणी फक्त रकाना रिकामा आहे का, तेवढंच बघायची. मग ज्योत्स्नाने स्वतःचे नियम लिहिले. नाव, बापाचं नाव, आडनाव, तिन्ही हवीत. एकच शब्द पुन्हापुन्हा चालणार नाही. ‘टेस्ट’ चालणार नाही. तारीख होऊन गेलेली हवी. एखादीही गोष्ट चुकली की लाल अक्षरात ओळ यायची: ‘नाव रिकामं ठेवता येणार नाही.’ संध्याकाळी तिने मुद्दाम वाट्टेल ते भरून पाहिलं, आणि तिच्या नियमांनी तिलाच दारातून हाकललं. तिला स्वतःचं भारी कौतुक वाटलं.

आता खरं नाव आत जातं का, ते बघायला हवं होतं. घरी निघायची घाई. बोटांना जे नाव सापडलं ते त्यांनी लिहिलं: शेखर यादव बोरस्ते. तिचा नवरा. गोत्र काश्यप, बोरस्त्यांना आपलं गोत्र ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक नसतं ते सगळे काश्यपच सांगतात, तिच्या माहेरीही तेच. तारीख म्हणून तिने लग्नाची टाकली, कारण तीच तिला न आठवता आठवायची. त्या तारखेला ती ज्योत्स्ना झाली होती. ताटातल्या तांदळात शेखरने अंगठीने ते नाव लिहिलं आणि माहेरची मोहिनी संपली. एकटे तिचे वडील अजून ऐकत नव्हते. “तिकडं काय बी म्हना, माझी मोहिनीच हाय,” म्हणायचे.

पडद्यावर हिरवी ओळ आली: ‘आपली मागणी नोंदवली आहे.’ नवऱ्याचं नाव मृतांच्या रकान्यात बघून तिला कसंसंच झालं. पण ही तर सरावाची प्रत, असं म्हणून तिने कॉम्प्युटर बंद केला.

दुसऱ्या दिवशी किशोर पेढे घेऊनच आला. “नवा फॉर्म काल दुपारीच साइटवर चढवून टाकला! लगेच ऑर्डरसुद्धा आली. गुरुजी आज सकाळीच बसतायत विधीला.”

“कोणाची ऑर्डर?” तिने विचारलं.

“असेल कोणी अमेरिकेतला. तू पेढा घे.”

पेढा तिच्या हातातच राहिला. तिने ऑर्डरची मेल उघडली: शेखर यादव बोरस्ते. काल संध्याकाळी तिने भरलेला फॉर्म सरावाचा नव्हताच, साइटवरचा होता. त्र्यंबकला फोन लावला, कोणी उचलेना. मग तिने अंबडला शेखरच्या कंपनीत लावला. “मशीनवर हायेत, निरोप देतो,” म्हणून गेटवरच्याने ठेवून दिला. शेखर पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसवर होता. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच प्रेस खाली यावी, म्हणजे हात आत राहत नाहीत, अशी तिची रचना. पण काम लवकर उरकावं म्हणून तिथे सगळेच एका बटणात लाकडाची चीप ठोकून ते दाबलेलंच ठेवत. शेखरने हे तिला हसत हसत सांगितलं होतं.

ती स्टँडवर धावली. एसटी प्रत्येक थांब्यावर रेंगाळत होती. असल्या गोष्टींवर आपला विश्वास नाही, असं ती स्वतःला बजावत राहिली आणि खिडकीची दांडी घट्ट धरून बसली.

गुरुजींच्या ओसरीवर दर्भ, तीळ, पत्रावळ आणि भाताचे पिंड मांडलेले होते. ज्योत्स्नाने उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. “थांबवा हो. ते जिवंत आहेत. माझी चूक झाली.”

गुरुजी रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

“संकल्प सोडला मी. पाणी हातातून गेलं,” ते म्हणाले. “बोलावलेल्याला उपाशी परत पाठवता येत नाही. आणि पिंड तर त्याच्या नावाने जाणार, जो अजून जेवतोय.”

“मग नाव काढून टाका.”

“काढून काय ठेवू? नाव रिकामं ठेवता येत नाही. तूच नियम केलास ना?” त्यांनी दर्भ सारखा केला. “नाव दुरुस्त करता येईल, दुसऱ्या काश्यपाचं घेता येईल. पण तिथी उच्चारली, ती आता बदलत नाही. त्या दिवशी गेलेलं आहे का कोणी तुमच्यात?”

ती आठवू लागली. त्या दिवशी कोण जाणार? मांडव होता, बँड होता, वडिलांनी तोंडावर उपरणं धरलं होतं. सासरी सगळे धडधाकट होते. माहेरीही त्या दिवशी कोणी गेलं नव्हतं.

“आहे,” ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. “मोहिनी पुंजा पिंगळे.”

“लग्न झालेली?”

“नाही. त्याआधीच गेली.”

गुरुजींनी आणखी काही विचारलं नाही. त्यांनी ते नाव घेतलं, गोत्र घेतलं, तिथी घेतली. तीळ पडले, पाणी पडलं. ओसरीवरच्या घड्याळात सव्वाअकरा झाले होते. ज्योत्स्ना खांबाला टेकून उभी होती आणि तिला विलक्षण थंडी वाजत होती. बाहेर ठेवलेल्या पिंडाला कावळा लगेच शिवला.

“इच्छा राहिली नव्हती म्हणायची,” गुरुजी हात धुता धुता म्हणाले. “आता मागे बघू नकोस. आणि त्या नावाने हाक आली तर घरातल्या कोणी ओ देऊ नये. ओ दिली की दिलेलं परत फिरतं, आणि ज्याला वाचवायला दिलं त्याच्याकडेच येतं.”

संध्याकाळी शेखर वेळेवर घरी आला. त्याच्या शर्टाची उजवी बाही कोपरापर्यंत फाटलेली होती.

“अहो, हे काय?”

“काही नाही गं. प्रेसने बाही धरली. हात कसा सुटला, मलाच कळलं नाही. जेवणाच्या सुट्टीआधी, अकरा-साडेअकराला.” तो हसला. “चहा टाक.”

ती त्याचा हात धरून तशीच उभी राहिली. हात गरम होता, बोटं सगळी जागेवर होती. तिला रडू फुटलं, आणि बायको एका शर्टासाठी रडतेय म्हणून शेखर तिची चेष्टा करू लागला. तेवढ्यात फोन वाजला. तिने उचलला.

“मोहिने,” पलीकडून वडील म्हणाले. “सकाळपास्नं जीव थाऱ्यावर नाय बघ माझा. बरी हायेस ना?”

ज्योत्स्नाने तोंड उघडलं. जन्मल्यापासून या हाकेला तिने ओ दिली होती. ती ओठांवर आलीच होती. समोर शेखर फाटकी बाही दुमडत बसला होता.

“मोहिने? ऐकू येतंय का गं? लय काळजी वाटाय लागली म्हून फोन केला.”

“मी ज्योत्स्ना बोलतेय,” ती म्हणाली.

“कोन?” म्हातारा चाचरत म्हणाला. मग परक्या बाईशी बोलावं तसा अदबीने म्हणाला, “बाई, जरा आमच्या मोहिनीला बलावता का?”

शेखरने मान वर करून विचारलं, “कोणाचा फोन आहे?”

“चुकून लागलाय,” ती म्हणाली, आणि रिसीव्हर हळूच खाली ठेवला.